एका सुताचा प्रश्न

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आपल्याकडच्या सुताराच्या तोंडी ‘सूत’ हा शब्द दोन अर्थांनी येतो. एक सूत म्हणजे दोरा. लाकडावर सरळ रेघ मारायची तर तो ताणून धरतात. दुसरं सूत म्हणजे माप. एका इंचाचे आठ भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे एक सूत, मिलिमीटरच्या भाषेत तीनाहून थोडं जास्त. लोखंडी ग्रिल बनवणाऱ्याच्या दुकानात आजही ‘दोन सूत कमी कर’ असं सहज म्हटलं जातं आणि त्याचा अर्थ कुणी विचारत नाही.

आज ज्या गाडीबद्दल मी बोलणार आहे, तिच्या मागच्या चाकांचा सगळा प्रश्न एका सुताचा आहे आणि तो सोडवायला लागतं तेही सूतच. ही गाडी म्हणजे इंग्लंडची जुनी मिनी. १९५९ ते २००० अशी एकेचाळीस वर्षं ती बनत राहिली आणि सुमारे ५३ लाख ८७ हजार गाड्या रस्त्यावर आल्या. मिनीचं नाव निघालं की लोकांना मॉंटे कार्लोची शर्यत आठवते. १९६४, १९६५ आणि १९६७ अशी तीन वेळा ती या इवल्याशा गाडीने जिंकली. मी मात्र आज तिच्या मागच्या बाजूला, जरा खाली वाकून पाहणार आहे. कारण तिथे एक गोष्ट नाही. मागच्या चाकांची दिशा कमीजास्त करण्याची सोय कारखान्याने तिथे ठेवलीच नव्हती. ती का ठेवली नाही, त्यामुळे काय झालं, आणि पुढे लोकांनी घरच्या अंगणात ही उणीव कशी भरून काढली, हा यंत्रांच्या इतिहासातला एक छोटासा पण शिकवून जाणारा धडा आहे.

सुरुवात होते सुएझपासून. जुलै १९५६ मध्ये इजिप्तने सुएझ कालव्याचं राष्ट्रीयीकरण केलं, त्यातून युद्ध झालं, कालवा बंद पडला आणि इंग्लंडला तेलाची टंचाई जाणवू लागली. डिसेंबर १९५६ ते मे १९५७ या काळात तिथे पेट्रोल रेशनवर मिळत होतं. थेंबभर पेट्रोलवर चालणाऱ्या, बुडबुड्यासारख्या दिसणाऱ्या तीनचाकी आणि चारचाकी गाड्यांचा सुळसुळाट झाला. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचे प्रमुख लिओनार्ड लॉर्ड यांना त्या मुळीच आवडत नसत. त्यांनी आपले अभियंते अ‍ॅलेक इसिगोनिस यांना सांगितलं की खरी, चार माणसांची, पण लहान गाडी करा. अट एकच, इंजिन कंपनीकडे आहे त्यातलंच वापरायचं.

इसिगोनिस यांचा जन्म १९०६ सालचा, स्मिर्ना शहरातला. आजचं तुर्कस्तानातलं इझमीर ते हेच. १९४८ ची मॉरिस मायनर ही त्यांचीच गाडी. नव्या गाडीसाठी त्यांनी इंजिन आडवं बसवलं, गिअरबॉक्स इंजिनाच्या पोटाखाली तेलाच्या टाकीतच घातला, ताकद पुढच्या चाकांना दिली आणि चाकं अवघी दहा इंची घेतली. गाडीची लांबी दहा फुटांवर पाव इंच. त्यातली बहुतेक जागा माणसांसाठी आणि सामानासाठी. २६ ऑगस्ट १९५९ रोजी गाडी जाहीर झाली तेव्हा कर धरून तिची किंमत ४९७ पौंडांहून थोडी कमी होती.

पुढचा प्रश्न असा सुटला. मागचा मात्र अवघड होता. ही गाडी रिकामी असताना सुमारे सहाशे किलोची. तिच्यात चार मोठी माणसं आणि सामान भरलं की वजन एकदम निम्म्याने वाढायचं, आणि त्यातला बराचसा भार मागे यायचा. साधी स्प्रिंग रिकाम्या गाडीला बेताची ठेवली तर भरलेली गाडी जमिनीला टेकणार, आणि भरलेल्या गाडीला पुरेशी ठेवली तर रिकामी गाडी उडणार. इथे मदतीला आले अ‍ॅलेक्स मोल्टन. ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हन या गावी त्यांच्या घराण्याचा रबराचा जुना कारखाना होता. त्यांनी स्प्रिंगच्या जागी रबराचा शंकू दिला. रबराचा गुण असा की ते जितकं दाबावं तितकं अधिक ताठ होत जातं. म्हणजे रिकाम्या गाडीला मऊ आणि भरलेल्या गाडीला कडक, अशी स्प्रिंग आपोआप मिळाली.

हा शंकू मागच्या बाजूला आडवा झोपवलेला असतो. चाक एका ओतीव लोखंडी आर्मच्या टोकाला असतं. आर्मचं दुसरं टोक चाकाच्या पुढे एका आडव्या शाफ्टवर फिरतं. दाराची बिजागरी आडवी केली तर जसं होईल तसं. चाक खड्ड्यावरून वर उचललं गेलं की आर्म बिजागरीवर फिरतो आणि एका दांड्यामार्फत रबराला दाबतो. चाक जेवढं वर जातं त्याच्या सुमारे पाचव्या भागाइतकंच रबर दाबलं जातं. त्यामुळे सगळी यंत्रणा मागच्या सीटखालच्या एका लोखंडी चौकटीत, म्हणजे सबफ्रेममध्ये मावते आणि डिकीची जागा मोकळी राहते.

आता बिजागरीकडे नीट पाहू. दार नीट लागत नसेल तर आपला सुतार काय करतो? बिजागरीच्या एका टोकामागे पुठ्ठ्याचा तुकडा सरकवतो आणि दार सरळ होतं. मिनीच्या मागच्या चाकांचं भूमितीशास्त्र एवढंच आहे. शाफ्टचं बाहेरचं टोक जरा पुढे सरकलं की चाकाचं तोंड आत वळतं. मागे सरकलं की बाहेर वळतं. तेच टोक वर उचललं की चाकाचा माथा आत कलतो, खाली आणलं की बाहेर कलतो. हे बाहेरचं टोक धरून ठेवतो तो चार बोल्टांनी सबफ्रेमला जोडलेला एक साधा ब्रॅकेट. त्याचं भोक जिथे असेल तिथे चाकाची दिशा ठरली.

कंपनीच्या पुस्तकात मागच्या चाकांचं माप दिलेलं आहे. दोन्ही चाकांची पुढची कड मागच्या कडेपेक्षा मिळून एक अष्टमांश इंच जवळ हवी. म्हणजे बरोबर एक सूत आत, प्रत्येक चाकाच्या वाट्याला अर्धं सूत. आणि चाकाचा माथा एक अंश बाहेर कललेला. पुढच्या चाकांना मात्र उलट, अर्धं सूत बाहेर. हे असं उलटसुलट का? पुढची चाकं गाडीला ओढतात. ओढताना ती रबरी जोडांमधल्या लवचीकपणामुळे किंचित आत वळतात, म्हणून उभ्या गाडीत ती थोडी बाहेर ठेवायची. मागची चाकं नुसती ओढली जातात. रस्ता त्यांना मागे खेचतो आणि ती किंचित बाहेर फाकतात, म्हणून उभ्या गाडीत ती थोडी आत ठेवायची. धावत्या गाडीची चारही चाकं जवळजवळ सरळ व्हावीत, असा हा हिशेब आहे.

पुढच्या चाकांचं माप बदलता येतं, त्यासाठी स्टिअरिंगच्या दांड्यांवर आटे असतात. मागे मात्र काही नाही. सबफ्रेम आणि ब्रॅकेट कारखान्यातच मापात बनले पाहिजेत, बोल्ट आवळले की चाक बरोबर बसलंच पाहिजे, असा विचार. यात बचत होती, वजन कमी होतं, आणि एक न सांगितलेला फायदाही होता. ज्या गोष्टीला फिरवायचा स्क्रूच नाही, ती मापात नसेल तर तुम्हाला एकच प्रश्न विचारता येतो. इथे काय मोडलं, काय झिजलं, काय वाकलं? माप चुकणं हे रोगाचं लक्षण ठरतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, त्याकडे आपल्याला परत यायचं आहे.

आपल्याकडे हा प्रश्न फारसा कुणाला पडला नाही, त्याचंही कारण आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनीला, जी टॅक्सी म्हणून मुंबईने ऑक्टोबर २०२३ पर्यंत पाहिली, मागे एक अखंड आस होता आणि तो पाट्यांच्या स्प्रिंगांवर टांगलेला. अखंड आसाच्या दोन टोकांची चाकं एकमेकांशी वाकडी होत नाहीत. त्यामुळे ‘अलाइनमेंट’ म्हणजे पुढच्या चाकांचं काम अशी आपली समजूत झाली. मिनीची मागची दोन चाकं मात्र स्वतंत्र आहेत. ती दोन्ही डावीकडे वळलेली असतील तर गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग वाकडं धरावं लागतं. मग गॅरेजवाला पुढचे दांडे फिरवून स्टिअरिंग सरळ करून देतो, मालक खूश होतो, आणि गाडी तशीच तिरकी चालत राहते. पुढची चाकं गाडीला वळवतात हे खरं, पण ‘सरळ’ कुठे आहे ते मागची चाकं ठरवतात.

साठच्या दशकात नव्या मिनीत हे सगळं ठीक होतं. मग काळाने आपलं काम सुरू केलं. इंग्लंडात हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. रत्नागिरी-मालवणच्या खाऱ्या वाऱ्यात दाराच्या कड्या कशा खाल्ल्या जातात हे ज्यांनी पाहिलंय त्यांना यापुढचं सांगायला नको. मागची सबफ्रेम चाकांनी उडवलेल्या खारट चिखलातच असते, आणि तिच्या पोकळ पत्र्यांत तो चिखल साठतो. शाफ्टवर एका टोकाला सुयांसारख्या बारीक रोलरांचं बेअरिंग आणि दुसऱ्या टोकाला ब्रॉंझची बुश. त्यांना ग्रीस द्यायला एकच निपल, तेही बाहेरच्या टोकाला. ज्यांनी ते वेळेवर दिलं नाही त्यांच्या बुश झिजल्या आणि चाक कलू लागलं. रबराचे शंकूही वर्षानुवर्षं दबून बसले आणि गाडी मागून खाली आली.

१९६० पासून इंग्लंडात जुन्या गाड्यांची सक्तीची तपासणी सुरू झाली. आधी ती दहा वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी होती, १९६७ पासून तीन वर्षांच्या गाडीलाही लागू झाली. तोवर मिनी दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या हातात गेली होती. हा मालक म्हणजे शिकाऊ कामगार, विद्यार्थी, नवं लग्न झालेलं जोडपं. गॅरेजचं बिल त्यांना परवडणारं नव्हतं. १९६६ मध्ये जॉन हेन्स यांचं पहिलं दुरुस्ती-पुस्तक निघालं, ते ऑस्टिन-हीली स्प्राइट या गाडीचं होतं. गाडी पूर्ण सुटी करून, प्रत्येक पायरीचा फोटो काढून केलेली ही पुस्तकं घरोघर पोचली. मिनीचंही पुस्तक त्या मालिकेत आलं.

१९७८ ते १९८१ अशी तीन वर्षं मी नोकरीनिमित्त बर्मिंगहॅमजवळ राहत होतो. मिनीचा लॉंगब्रिज कारखाना तिथून दूर नव्हता. रविवारी सकाळी आमच्या गल्लीत निदान एका मिनीखालून दोन पाय बाहेर आलेले दिसायचे. आमच्या शेजारी पोस्टात काम करणारे एक गृहस्थ होते. त्यांच्या मिनीच्या मागच्या चाकांची जुळवणी मी पहिल्यांदा पाहिली ती त्यांच्या दारातल्या फरशीवर. त्यांची हत्यारं होती मासे पकडायची नायलॉनची दोरी, चार खुंट्या, एक पोलादी पट्टी आणि एक ओळंबा. आपल्या गवंड्याकडे असतो तसाच.

पद्धत सांगतो, कारण ती आजही तशीच चालते. आधी जमीन सपाट आहे का ते पाणसळीने बघायचं आणि जिथे खोलगट असेल तिथे चाकाखाली फरशीचा तुकडा ठेवायचा. टायरमध्ये हवा बरोबर भरायची. गाडीची उंची दोन्ही बाजूंना सारखी आहे ना हे पाहायचं, कारण शंकू बसले असतील तर आधी त्यांचं काम. मग चाक जमिनीपासून उचलून, गाडी लोखंडी स्टँडवर ठेवून, चाकाला वर आणि खाली धरून हलवायचं. खुळखुळ जाणवली तर मोजमाप तिथेच थांबवायचं. झिजलेल्या बुशवर घेतलेलं माप दर वेळी निराळं येतं.

हे सगळं ठीक असेल तर गाडी खाली उतरवून, दोन-तीनदा दाबून, चार पावलं पुढे ढकलायची, म्हणजे चाकं आपापल्या जागी बसतात. आता गाडीच्या दोन्ही अंगांना, चाकाच्या मध्याच्या उंचीवर, दोन दोऱ्या ताणायच्या. इथे एक खुबी आहे. मिनीची मागची चाकं पुढच्यांपेक्षा एकमेकांना जवळ असतात, दोन्ही बाजू मिळून साधारण दीड इंचाचा फरक. म्हणून दोरी पुढच्या आणि मागच्या चाकापासून सारख्या अंतरावर धरली की माप चुकलंच. दोऱ्या एकमेकींना समांतर हव्यात. त्यांच्यातलं अंतर गाडीच्या पुढे आणि मागे सारखं हवं, आणि डाव्या-उजव्या चाकांच्या मध्यापासून त्या सारख्या लांब हव्यात. हे जमलं की अर्धं काम झालं.

मग पट्टीने दोरीपासून मागच्या रिमच्या पुढच्या कडेपर्यंतचं आणि मागच्या कडेपर्यंतचं अंतर मोजायचं. पुढची कड दोरीपासून अर्धं सूत जास्त लांब असेल तर ते चाक बरोबर. रिमच वाकडं असू शकतं, म्हणून चाक अर्धा फेरा फिरवून पुन्हा मोजायचं आणि दोन्हींची सरासरी घ्यायची. कल मोजायला ओळंबा. दहा इंची चाकाचं रिम कडेपासून कडेपर्यंत साधारण अकरा इंच भरतं. त्यावर एक अंश म्हणजे जवळजवळ दीड सूत. ओळंब्याच्या दोऱ्यापासून रिमची वरची कड खालच्या कडेपेक्षा दीड सूत जवळ असेल तर कल बरोबर.

एवढ्याशा मापाने काय बिघडतं, असं वाटेल. एका चाकाची दिशा अकरा इंचांत एक सूत चुकली असेल तर दर किलोमीटरला ते चाक सुमारे अकरा मीटर आडवं घासलं जातं. त्यात ही चाकं लहान, किलोमीटरला साडेसहाशेच्या आसपास फेरे घेणारी. टायरवर तळहात आडवा फिरवला तर एका बाजूने गुळगुळीत आणि उलट बाजूने करवतीसारखं लागतं. आणि ओल्या रस्त्यावर जोराचा ब्रेक लागला की मागची बाजू आपल्याला न विचारता एक पाऊल टाकते. हा प्रश्न टायरच्या पैशांपुरता नाही.

माप चुकलेलं आढळलं, तर पुढे काय? इथे घरच्या कारागिराने सुताराचीच युक्ती केली. ब्रॅकेटचे चार बोल्ट सैल करून त्याच्या मागे पातळ पत्र्याची पट्टी सरकवायची, चाकाचं तोंड वळतं. कलासाठी ब्रॅकेटचं भोक कानशीने लांबट करायचं, शाफ्टचं टोक हवं तिथे आणायचं आणि वॉशर वेल्ड करून ते पक्कं करायचं. शर्यतवाल्यांनी हे आधीपासून केलं होतं, कारण त्यांना वळणावर पकड मिळावी म्हणून चाकाचा माथा उलट आत कललेला हवा होता. पुढे आटे असलेले, कमीजास्त करता येणारे ब्रॅकेट बाजारात विकत मिळू लागले. कारखान्याने न दिलेला स्क्रू असा मालकांनी स्वतः गाडीला लावला.

याला मी प्रगती म्हणतो. पण पूर्ण नाही. मघाशी म्हटलं तो मुद्दा इथे येतो. स्क्रू नव्हता तोवर वाकडं चाक मालकाला सांगत होतं की खाली जाऊन बघ, काहीतरी झिजलंय. तो कारण शोधत असे. स्क्रू मिळाला आणि मालक कारण न शोधता माप जुळवू लागला. सबफ्रेमचा पत्रा गंजून ब्रॅकेटचे बोल्ट सरकत असतील, तर पट्टी सरकवून चाक सरळ करता येतं. माप एक सूत येतं, कागदावर सगळं ठीक दिसतं, आणि जो पत्रा चाक धरून ठेवतो तो आतून तसाच गंजत राहतो. ताप मोजून औषध दिलं, ताप उतरला, पण आजार कोणता ते कुणी पाहिलं नाही, असा हा प्रकार.

आमच्या त्या शेजाऱ्यांनी त्या दिवशी मापं घेतली, डाव्या चाकात जवळजवळ दीड सुताची चूक निघाली, आणि त्यांनी पट्टी कापायला घेतली नाही. पेचकसाचं टोक घेऊन ते सबफ्रेम टोचत गेले. डाव्या कोपऱ्यात ते टोक सहज आत गेलं. पुढचे दोन रविवार त्यांनी नवी सबफ्रेम बसवण्यात घालवले. त्यानंतर मोजलं तेव्हा डावं चाक पट्टीशिवायच मापात होतं, आणि उजव्याला एक पातळ पट्टी लागली. त्यांच्याकडून मी जुळवणीचा क्रम शिकलो. मोजायचं, कारण शोधायचं, कारण दूर करायचं, आणि मग उरलं तेवढ्यासाठीच पट्टी.

शेवटची मिनी ४ ऑक्टोबर २००० रोजी लॉंगब्रिजमधून बाहेर पडली. त्याआधी १९८८ मध्ये इसिगोनिस गेले, २०१२ मध्ये मोल्टनही गेले. आजच्या बऱ्याच गाड्यांना मागच्या चाकांची जुळवणी करायची सोय कारखान्यातूनच येते आणि मोजायला प्रकाशकिरणांची यंत्रं असतात. काम दहा-वीस मिनिटांत होतं, छापील कागद हातात मिळतो. तो कागद घेताना त्या माणसाला एवढंच विचारा की माप चुकलं होतं ते कशामुळे. त्याला सांगता आलं तर बिलाचे पैसे आनंदाने द्या. नाही सांगता आलं, तर गाडी वर उचलायला सांगून बुश, बोल्ट आणि पत्रा तुमच्यादेखत तपासून घ्या.